पडद्याच्या खालच्या ओळी

रिमोटचे सेल संपले होते, एवढंच निमित्त. वहिनी जेवणाची भांडी तशीच ओट्यावर ठेवून, पायांत चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुपारी मालिका लागायची. सेल नसले तर आवाज वाढवता यायचा नाही, आणि आवाज वाढला नाही तर सासूबाई घास घ्यायच्या नाहीत. घराचं सगळं गाडं त्या दोन बारीक सेलांवर येऊन अडलं होतं.

तिला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. ज्यानं तिला पहिल्यांदा या नावानं हाक मारली, तो तिचा धाकटा दीर मात्र कित्येक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरातून गेला, तो पुन्हा दिसलाच नाही. त्याची सायकल मागच्या तळ्याच्या काठावर सापडली. तो सापडला नाही. माणूस गेलं, नाव तेवढं मागे राहिलं.

दुकानात सिस्टर भेटल्या. समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या, जन्म इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या. कुणाची भीडभाड ठेवणं त्यांना माहीत नव्हतं.

"वहिनी, लिहून घ्या माझ्याकडून," त्यांनी पाव पिशवीत कोंबत म्हटलं, "होडीघरातला दिवा त्या पोलीसबाईनंच मालवला."

"ती कशाला मालवेल? बिचारी त्या पोरासाठी नुसती वणवण फिरतेय."

"वणवण! अहो, तिच्या कोटाच्या खिशात ओले हातमोजे होते. विसरलात?"

"ते तिच्या नवऱ्याचे होते ना?"

"नवरा लंगडा आहे. लंगडा माणूस बर्फावरून होडीघरापर्यंत गेला, दिवा मालवून आला आणि कुणाला दिसला नाही? मला काय खुळी समजलात?"

"बाई, सेल जाडे देऊ की बारीक?" दुकानदार मध्येच म्हणाला. "आणि माझं ऐकाल तर दिवा कुणी मालवला हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही. आमची ही रोज याच्यावर वाद घालते आणि आमटी करपवते."

तिघंही हसली. मालिका स्कँडिनेव्हियातली होती, पार उत्तरेकडच्या थंड देशातली. गोठलेलं तळं, काळं होडीघर, राखाडी कोटातली पोलीसबाई आणि एका संध्याकाळी घरातून नाहीसा झालेला मुलगा. माणसं तिकडच्याच भाषेत बोलायची आणि पडद्याच्या खाली आपल्या भाषेतल्या ओळी उमटायच्या. प्रत्येक भागात एक गाठ सुटायची आणि दोन नव्या बसायच्या. आता शेवटचाच भाग उरला होता.

घराकडे वळताना सिस्टरांनी आवाज खाली आणला. "आईंना अजून सांगितलं नाहीत ना?"

वहिनीनं मान हलवली.

"उद्या काय करणार? शेवट आहे उद्या."

"देव सुचवेल काहीतरी," वहिनी म्हणाली. तिच्या तोंडी हे वाक्य नेहमीचं होतं, पण आज ते म्हणताना तिनं सेलांची पुडी मुठीत घट्ट आवळली.

झालं होतं ते असं. सासूबाईंची नजर जाऊन काही वर्षं झाली होती. मध्यंतरी त्यांनी जेवणच टाकलं. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही म्हणाले. "मनच उठलंय त्यांचं," म्हणाले. घास तोंडाशी नेला की त्या मान वळवायच्या. हात काटकीसारखे झाले. मग एका दुपारी घरात आवाज असावा म्हणून वहिनीनं टीव्ही लावला. नेमकी ती मालिका लागली, आणि बर्फाखालून पाणी डचमळल्याचा आवाज खोलीत भरला. सासूबाईंनी मान वर केली.

"तळं आहे," त्या म्हणाल्या. "कोण हरवलंय?"

त्या दिवसापासून वहिनी पलंगाशेजारी बसून पडद्याखालच्या ओळी मोठ्यानं वाचू लागली. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या चेहऱ्यावर काय होतं, तेही सांगायची. वाचता वाचता घास भरवायची. "तो पोरगा सापडू दे," म्हणत सासूबाई खायच्या. गालांवर थोडी रया आली.

आणि मग एका भागात मुलगा सापडला. बर्फाखाली.

पोलीसबाई गुडघ्यांवर बसली. खाली ओळ आली: सापडला. वहिनीच्या हातात घास होता आणि सासूबाईंचं तोंड उघडं होतं. वहिनीच्या तोंडून निघालं, "इथे नाही तो."

"नाही ना?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी घास घेतला.

तेव्हापासून वहिनी दोन मालिका चालवत होती. एक डोळ्यांनी बघायची आणि दुसरी तोंडानं सांगायची. दुसरीतला मुलगा जिवंत होता. पलीकडच्या काठावरून चालत घराकडे यायला निघाला होता. रोज त्याला थोडा थोडा जवळ आणायची. कधी खोटं न बोलणारी ती बाई रोज देवापुढे हात जोडायची, म्हणायची, पाप असेल तर माझ्या पदरात घाल, पण म्हातारीच्या पोटात चार घास जाऊ देत.

तिचं स्वतःचंही एक व्रत होतं, त्या संध्याकाळपासूनचं. दीर घरी येईपर्यंत चहात साखर घ्यायची नाही. साखरच का, त्यालाही कारण होतं. ती नवी नवरी असताना तो तिची पाठ वळली की तिच्या कपात गुपचूप साखरेचा जास्तीचा चमचा घालायचा. ती घोट घ्यायची, तोंड वेडंवाकडं करायची, आणि तो दाराआडून खो खो हसायचा. "वहिनी, माणसानं गोड बोलावं, म्हणून घालतो हो!"

त्या दुपारी सिस्टरही ताटाशी येऊन बसल्या. त्या मालिका संध्याकाळी, पुन्हा लागते तेव्हा आपल्या घरी बघायच्या. दुपारी यायच्या त्या केवळ वाद घालायला.

"काय मग आई, दिवा कुणी मालवला, तुमचं मत?"

"दिव्याचं सोड," सासूबाई म्हणाल्या. "कडी कुणी लावली ते बघ."

"कसली कडी?"

"तो काल म्हणाला ना. दार आतून लावलं होतं. किती वाजवलं, हाताची सालं निघाली, म्हणाला."

सिस्टरांनी वहिनीकडे बघितलं. नजरेत कौतुक होतं. वहिनीनं सिस्टरांकडे बघितलं. तिला वाटलं, ही कल्पना यांनीच आईंच्या डोक्यात घातली असणार.

"आणि थंडी वाजते म्हणतो," सासूबाई सांगत होत्या. "पायात गवत अडकलंय म्हणतो. तळ्यातलं."

"बरं बरं. घास घ्या," वहिनी म्हणाली.

सिस्टरांना दारापर्यंत पोचवायला गेली, तेव्हा त्या कुजबुजल्या, "वहिनी, तुम्ही लेखिकाच व्हायचं हो! कडी काय, गवत काय. माझ्या अंगावर काटा आला."

"मी... मी नाही वाचलं ते."

"म्हणजे?"

"कडीचं मी काहीच सांगितलं नाही त्यांना. मला वाटलं तुम्ही..."

मग सिस्टर म्हणाल्या, "वयानं होतं असं. इस्पितळात पाहिलंय मी. झोप लागते का त्यांना नीट?" आणि नेहमीपेक्षा जरा भरभर रस्ता ओलांडून गेल्या.

वहिनी आत आली. खोलीत ओल्या लाकडाचा वास येत होता, पाण्यात बरेच दिवस राहिलेल्या लाकडाचा. तिनं खिडक्या बघितल्या. बंद होत्या.

"आई," तिनं हलकेच विचारलं, "कडीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. तू वाचतेस ना, त्याच्या खालून तो बोलतो. बाकी सगळे त्या परक्या भाषेत बोलतात. हा एकटाच आपल्या भाषेत बोलतो." सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. "बारीक आवाज आहे. तू फार भरभर वाचतेस, त्यात बुडून जातो."

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या नवऱ्याला दुपारी दुकान उघडताच आलं नाही. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. गल्लीत त्याला किल्लीवाले म्हणत. जेवून दुकानाकडे गेला, तर त्याच्याच शटरचं कुलूप अडकलेलं. किल्ली फिरेना. दुसऱ्याची कुलपं चुटकीसरशी उघडणारा माणूस तासभर घाम गाळून तसाच परत आला.

"लोक हसत असतील नाही?" वहिनी म्हणाली.

"हसू देत. आत सगळं भिजल्यासारखं गंजलंय," तो म्हणाला. "परवाच तेल घातलं होतं मी." आणि आईच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसला. त्या खोलीत तो फारसा बसत नसे.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. भर दुपारी अंधारल्यासारखं झालं होतं. वहिनीनं दिवा लावला, टीव्ही लावला, आणि ताट मांडीवर घेतलं. शेवटचा भाग सुरू झाला.

ती सावकाश वाचत होती. पोलीसबाई आपल्या नवऱ्याला हातमोज्यांबद्दल विचारते. नवरा उत्तर देत नाही. मुलाची आई टेबलावर एक ताट जास्तीचं मांडते. ही ओळ वाचताना वहिनीचा आवाज किंचित हलला. मग पोलीसबाई तळ्याच्या लाकडी धक्क्यावर जाऊन उभी राहिली. कुणीच बोलेना. खाली ओळीही येईनात. नुसतं बर्फ कुरकुरत होतं.

"किती वेळ वाजवतोय तो," सासूबाई म्हणाल्या.

"काय, आई?"

"दार. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

वहिनीनं आवाज कमी केला. कुरकुर थांबली नाही. पडद्यावरची बाई तशीच उभी होती.

"काय म्हणतो तो?" वहिनीनं विचारलं. आज पहिल्यांदाच वाचणं उलटं झालं होतं. सांगणाऱ्या सासूबाई होत्या आणि ऐकणारी ती.

सासूबाईंनी मान कलती केली. "म्हणतो... दादा, कडी काढ. म्हणतो... दादा, चुकलं माझं. दुकानात बसतो मी. पण कडी काढ रे... थंडी वाजतेय."

कोपऱ्यात पेपर खाली पडला.

"आईला हे कुणी सांगितलं?" नवरा उभा राहिला होता. "तू सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मी तर तेव्हा माहेरी होते."

"मालिकेत आहे हे? दादा आहे त्या पोराला?"

"नाही हो. एकुलता एक आहे तो."

नवरा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"भांडण झालं होतं दुकानावरून," तो बोलू लागला, पण बघत होता टीव्हीकडे. "आई औषधानं झोपली होती. तो तणतणत मागच्या दारानं गेला. मी म्हटलं, जरा राहू दे बाहेर, अक्कल येईल. कडी लावली. परत आला... हाका मारल्या त्यानं. मी... मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून टाकला. झोपलोय असं वाटावं म्हणून. थोड्या वेळानं आवाज थांबला. मला वाटलं, पुढच्या दारानं येईल."

इतकी वर्षं तो म्हणत आला होता की तळ्याकडून ओलसर वारा येतो, आईच्या छातीला सोसत नाही. म्हणून मागचं दार कायमचं बंद. कपडे वाळत घालायलासुद्धा वहिनी गच्चीवर जायची.

सासूबाई रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत.

"दिवा मालवल्याचा आवाज होत नाही रे थोरल्या," त्या म्हणाल्या. "कडी लावल्याचा होतो. औषधातूनही ऐकू आला होता मला. मी वाट बघत होते तू कधी सांगतोस त्याची." मग त्यांनी वहिनीच्या दिशेला हात पुढे केला. "जा, सूनबाई. कडी काढ."

"मी काढतो," नवरा म्हणाला. चार पावलं गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून खाली बसला.

वहिनीनं तेलाची बाटली घेतली. बत्ता घेतला. कडी गंजून चौकटीत रुतली होती. तेल सोडून तिनं हलके ठोके मारले. प्रत्येक ठोक्याबरोबर पलीकडूनही एक ठोका पडतोय असं तिला वाटलं, पण लाकूड जुनं असलं की घुमतंच, असं तिनं मनाला सांगितलं. मनात देवाचं नाव चाललं होतं. कडी निसटली. दार अडखळत उघडलं.

बाहेर अंगण होतं. वाढलेलं गवत, तुटलेली दोरी, आणि तळ्याकडे उतरणारी पायवाट. भरलेल्या आभाळाखाली पाणी शिशासारखं दिसत होतं. कुणीही नव्हतं. ओल्या लाकडाचा वास तेवढा अंगावर आला.

तिची भीती तिथेच कशी कोण जाणे, विरघळली. तिला नुसता तो आठवला, दाराआडून हसणारा. ज्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, त्याला निदान एकदा ये म्हणावं, एवढंच तिच्या मनात आलं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली. "या हो आत. घर तुमचंच आहे."

गवत हललं, तेही वाऱ्यानं. ती बराच वेळ उभी राहिली. मग दार नुसतं लोटून घेतलं. कडी लावली नाही.

खोलीत आली तेव्हा मालिका संपली होती. पडद्यावर नावं वर सरकत होती.

"आला?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघितलं. एवढ्या दिवसांची सवय जिभेला लागली होती.

"आला, आई."

"मग वाढ," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी स्वतःच्या हातानं पोटभर जेवल्या.

सकाळी वहिनी स्वयंपाकघरात गेली तर मागच्या दाराची कडी लागलेली होती. नवऱ्यानं लावली असणार. इतक्या वर्षांची सवय. तो दुकानात निघून गेला होता, तेव्हा विचारायचं राहून गेलं. शटरचं कुलूप पहिल्याच फेरीत उघडलं, असा त्याचा फोन मात्र आला. आवाज हलका वाटला. आतल्या खोलीत सासूबाई गुणगुणत होत्या. वहिनीनं डोळे मिटून देवाला नमस्कार केला. खोट्यातूनही तू बरंच केलंस बाबा, असं काहीसं मनात म्हणाली, आणि चहा ठेवला.

सिस्टर वाऱ्यासारख्या आत आल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"हा काय शेवट झाला का, वहिनी? मी तर चक्रावलेच! चॅनेलला फोन लावणार आहे मी."

"मला सांगा हो. शेवटची पाच मिनिटं राहिलीच माझी." वहिनीनं त्यांच्या कपात आणि सासूबाईंच्या कपात साखर घातली. आपला बिनसाखरेचा कप बाजूला ओट्यावर ठेवला. "पोलीसबाई धक्क्यावर उभी होती. मग?"

"मग होडीघरातला दिवा लागतो. कुणी लावला, काही नाही. हातमोज्यांचं काही नाही. आणि एकदम एक वेगळंच स्वयंपाकघर दाखवतात. तिकडचं वाटतच नाही. आणि त्यात एक बाई. सबंध मालिकेत कधी आलेली नाही! पाठमोरीच दाखवतात शेवटपर्यंत. वेणी, खांद्यावर शाल, तुमच्यासारखीच. ती मागचं दार ठोकून ठोकून उघडते."

वहिनीच्या हातात साखरेचा डबा होता. तो तिनं खाली ठेवला.

"उघडते आणि बाहेर बघत उभी राहते. काहीतरी बोलते. खाली ओळ येते, आत या, घर तुमचंच आहे, असलं काहीतरी. आणि वहिनी, तो पोरगा... म्हणजे पोरगा नव्हे, चांगला तरुण मुलगा, नखशिखांत भिजलेला... तो तिच्या अगदी जवळ, खांद्याला खांदा लागेल असा उभा असतो. आणि या बाईला दिसतच नाही! ती बघते दूर, तळ्याकडे. मी ओरडले टीव्हीवर, अगं, शेजारी बघ! तो तिच्या बगलेतून आत जातो. ही दार लोटते, निघून जाते. मग तो आतून कडी लावतो. हसतो. संपलं. नावं सुरू."

आत सासूबाईंचं गुणगुणणं थांबलं होतं. त्या कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या, मधूनच हसत होत्या.

"आता सांगा, ती बाई कोण? आणि त्यानं कडी का लावली? आत आल्यावर माणूस कडी कशासाठी लावतो, वहिनी?" सिस्टर विचारत होत्या. "तुम्हाला काय वाटतं?"

वहिनीनं वळून ओट्यावरचा आपला कप उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला.

चहा गोड होता. तोंड वेडंवाकडं होईल, इतका गोड.